बर्फातील मासळी आणि क्लॅरेन्स बर्ड्सआय

पाण्याबाहेर काढलेला मासा तडफडावयाचा थांबला म्हणजे तो मेला असे आपण म्हणतो; परंतु त्याच्या देहातील घडामोडी तेथे थांबत नाहीत. स्नायूंत साठविलेल्या साखरेचे हळूहळू आम्ल होऊ लागते. अंग प्रथम ताठरते आणि काही काळाने पुन्हा सैल पडते. जिवंतपणी अन्न पचविण्याचे काम करणारी विकरे आता त्याच देहाच्या मांसावर आपला प्रयोग सुरू करतात, आणि कल्ल्यांवर व आतड्यांत वस्ती करून असलेले सूक्ष्मजंतू, त्यांना आवर घालणारे कोणी न उरल्यामुळे, आत आत शिरू लागतात. या नाशावर मनुष्याने फार प्राचीन काळापासून तीन उपाय योजिले आहेत : मीठ, ऊन आणि धूर. कोकणात व गोव्यात सुके बोंबील आणि खारवलेले बांगडे पावसाळ्याच्या बेगमीस घरोघर लागत आले, ते याच उपायांच्या बळावर. परंतु या उपायांनी मासा टिकतो, ताजा राहत नाही. सुक्या बोंबलाची चव कितीही रुचकर असली, तरी ती ओल्या बोंबलाची चव नव्हे, हे मासे खाणारा कोणीही सांगेल.

ताजा मासा महिनोगणती ताजाच कसा ठेवावा, या एका प्रश्नापायी ज्या अमेरिकन गृहस्थाने आपल्या ऐन उमेदीची वर्षे आणि हाताशी असलेली पुंजी खर्ची घातली, त्या क्लॅरेन्स बर्ड्सआयचे चरित्र आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्याची हकीकत आणि शीतगृहातील मासळीची हकीकत ही दोन्ही एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की, एक सांगू लागले असता दुसरी सांगावीच लागते.

क्लॅरेन्सचा जन्म ९ डिसेंबर १८८६ रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात झाला. वडील वकील होते. नऊ भावंडांत याचा क्रमांक सहावा. लहानपणापासून याचे सारे लक्ष पुस्तकांपेक्षा रानावनाकडे. मेलेल्या पशुपक्ष्यांची कातडी सोलून, त्यांत भुसा भरून, ते हुबेहूब जिवंत दिसतील असे उभे करण्याची विद्या त्याने कोणाजवळ न जाता आपली आपणच साध्य केली. पुढे हे कुटुंब न्यू जर्सी संस्थानातील माँटक्लेअर या गावी राहावयास गेले. तेथील शाळेत असताना या मुलाने चक्क पाकशास्त्राच्या वर्गात नाव घातले. त्या काळी मुलाने स्वयंपाक शिकावा ही गोष्ट सोबत्यांस हसू आणणारी वाटली असल्यास नवल नाही. परंतु प्राणी पकडावा, तो आतून बाहेरून न्याहाळावा आणि अखेर तो शिजवून त्याची चव घ्यावी, असा त्याच्या कुतूहलाचा क्रमच होता, आणि तो त्याने जन्मभर पाळला.

ॲम्हर्स्ट कॉलेजात गेल्यावर त्याच्या या नादामुळे मित्रांनी त्याला ‘किडे’ या अर्थाचे टोपणनाव दिले. घरची आर्थिक स्थिती ढासळल्यामुळे खर्चाची तोंडमिळवणी त्याला स्वतःच करावी लागे. मग तो बेडूक पकडून न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयास सापांचे खाद्य म्हणून विकी आणि उंदीर पकडून कोलंबिया विद्यापीठातील एका प्राध्यापकास प्रयोगांसाठी पुरवी. इतके करूनही निभाव लागेना, तेव्हा १९०८ च्या सुमारास पदवी न घेताच त्याने कॉलेज सोडले. म्हणजे ज्याच्या नावावर पुढे दोनशेंवर पेटंटे नोंदली गेली, तो मनुष्य कोणत्याही विद्यापीठाचा पदवीधर नव्हता.

त्यानंतर तो अमेरिकन सरकारच्या शेतकी खात्याच्या प्राणिपाहणी विभागात नोकरीस लागला. प्रथम नैर्ऋत्येकडील रखरखीत मुलखात आणि मग, १९१० व १९११ साली, माँटाना संस्थानातील बिटररूट खोऱ्यात त्याची नेमणूक झाली. या खोऱ्यात गोचिडांच्या चाव्याने पसरणाऱ्या एका जीवघेण्या तापाची साथ होती, आणि त्या तापावर तेव्हा औषध नव्हते. कोणकोणत्या रानटी प्राण्यांच्या अंगावर या गोचिडी पोसल्या जातात, हे शोधण्यासाठी शेकडो प्राणी पकडून त्यांची तपासणी करण्याचे काम त्याच्याकडे होते. ज्या प्राण्याला हात लावावयाचा त्याच्याच केसांत मृत्यू लपलेला, असा हा प्रकार! त्याने ते काम निमूटपणे केले. या पाहणीवर त्याने लिहिलेले पुस्तक १९१२ साली सरकारने छापले. परंतु त्याचे चित्त एका जागी ठरणारे नव्हते.

त्याच १९१२ साली तो लॅब्राडोरला गेला. आज कॅनडात मोडणारा हा प्रदेश अटलांटिक महासागराच्या काठी, ईशान्येच्या टोकाला आहे. झाडे तुरळक, वस्ती त्याहून तुरळक, आणि हिवाळा विलक्षण कडक. या किनाऱ्यावरील गोरगरीब कोळ्यांसाठी डॉ. विल्फ्रेड ग्रेनफेल हे इंग्रज वैद्य दवाखाने चालवीत असत. त्यांच्या जहाजावरून बर्ड्सआय काही आठवड्यांच्या फेरीसाठी म्हणून गेला आणि खोकडांच्या कातड्यांच्या व्यापारात पैसा आहे असे दिसताच तेथेच राहिला. कुत्र्यांच्या घसरगाडीतून शेकडो मैल हिंडावे, वाटेत मिळेल ते शिजवून खावे, रात्र पडेल तेथे मुक्काम करावा, असे त्याचे जीवन होते. खाण्याच्या बाबतीत त्याला कशाचेही वावडे नव्हते. लिंक्स नावाच्या रानमांजराचे मांसदेखील त्याने आवडीने खाल्ले. १९१५ साली त्याने एलिनॉर गॅनेट हिच्याशी विवाह केला, आणि १९१६ साली अवघ्या काही आठवड्यांच्या मुलाला घेऊन ती दोघे पुन्हा लॅब्राडोरला आली. ज्या ठिकाणी ताजी भाजी वर्षातून एखाद्या वेळी जहाजाने येई, तेथे तान्हे मूल सांभाळून संसार करणारी एलिनॉर नवऱ्यापेक्षा कमी धाडसी होती असे आम्हांस वाटत नाही.

येथेच त्याला तो प्रसिद्ध अनुभव आला. तेथील मूळचे रहिवासी इन्युइट लोक (ज्यांना पूर्वी एस्किमो म्हणत) गोठलेल्या पाण्यावरील बर्फाच्या जाड थराला भोक पाडून मासे धरीत. हवा शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरलेली असे. (उणे ४० हा आकडा सेल्सिअस आणि फॅरनहाइट या दोन्ही मापांत एकच येतो, विद्यार्थ्यांनी गणित मांडून ताडा पाहावा.) भोकातून वर काढलेला मासा त्या बोचऱ्या वाऱ्यात पाहता पाहता लाकडासारखा कडक होई. कित्येक आठवड्यांनी तो वितळवून शिजविला, तरी त्याची चव आताच धरलेल्या माशासारखी लागे. इन्युइट लोकांना यात काहीच नवल नव्हते. त्यांच्या वाडवडिलांपासून हे असेच चालत आले होते, आणि जलद गोठविण्याच्या विद्येचे पहिले श्रेय द्यावयाचे तर ते त्यांनाच दिले पाहिजे.

बर्ड्सआयचे वैशिष्ट्य असे की, तो एवढ्यावर संतुष्ट राहिला नाही. भर हिवाळ्यात गोठलेले मांस व मासळी चवीला उत्तम लागते, पण हिवाळ्याच्या आरंभी किंवा अखेरीस, जेव्हा थंडी सौम्य असते तेव्हा, गोठलेली मासळी वितळल्यावर भुसभुशीत व पाणचट लागते, हा भेद त्याच्या जिभेने टिपला. गोठणे तर दोन्ही वेळी घडते. मग फरक कोठे पडतो? मिठाच्या पाण्याने भरलेल्या पिंपात कोबीचे गड्डे थरावर थर ठेवून ते बाहेर गोठवून पाहण्याचा प्रयोगही त्याने केला. या खटाटोपातून एक गोष्ट त्याच्या मनात पक्की झाली : थंडी किती आहे याच्याइतकेच, ती किती लवकर आत पोचते यालाही महत्त्व आहे.

यामागील कारण थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. माशाच्या मांसात शंभर भागांपैकी सुमारे ऐंशी भाग पाणी असते. हे पाणी निव्वळ पाणी नसून त्यात क्षार व इतर द्रव्ये विरघळलेली असतात. म्हणून ते शून्य अंशावर न गोठता उणे १ अंशाच्या आसपास गोठू लागते, आणि उणे ५ अंशांपर्यंत त्याचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग बर्फ होतो. म्हणजे उणे १ ते उणे ५ हा टापू सर्वांत नाजूक. मासा या टापूतून सावकाश गेला, तर बर्फाचे स्फटिक थोडे पण मोठे वाढतात आणि बहुतेक पेशींच्या बाहेर जमून आतील पाणी आपल्याकडे ओढून घेतात. झपाट्याने गेला, तर असंख्य बारीक स्फटिक जागच्या जागीच तयार होतात आणि मांसाची वीण फारशी विस्कटत नाही. साखरेचा पाक सावकाश निवविला असता मोठे खडे होतात आणि घोटून लवकर निवविला असता बारीक रवा पडतो, हे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना ही गोष्ट सहज समजेल.

बर्ड्सआयच्या काळी बहुतेकांचा समज असा होता की, मोठे स्फटिक पेशींच्या भिंती फोडतात आणि तेवढ्यानेच मांस बिघडते. पुढील संशोधनाने असे दिसून आले की, यापेक्षा सूक्ष्म असे रासायनिक नुकसानही तेथे होत असते. पाण्याचा बर्फ होत जातो तसतसे उरलेल्या थोड्या पाण्यात सगळे क्षार एकवटतात. आटविलेल्या आमटीत मीठ जास्त वाटावे तसाच हा प्रकार. या तिखट द्रावात माशाची नाजूक प्रथिने आपला मूळ आकार गमावतात आणि पाणी धरून ठेवण्याची त्यांची शक्ती कमी होते. असा मासा वितळला म्हणजे त्यातून पांढुरके पाणी पाझरते, आणि त्या पाझराबरोबर चव व सत्त्व दोन्ही निघून जातात. थंडी वाढली की रासायनिक क्रिया मंदावतात हा नियम खरा. परंतु शून्याच्या थोडेसेच खाली, द्राव आटल्यामुळे काही क्रिया उलट जोर धरतात. मासा या टापूत रेंगाळू नये, हे यासाठीच.

१९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली आणि बर्ड्सआय कुटुंब मायदेशी परतले. १९२० पासून दोन वर्षे तो मत्स्यव्यवसायाच्या एका राष्ट्रीय संघाच्या अध्यक्षांचा साहाय्यक होता. धक्क्यावर उत्तम असलेली मासळी आतल्या गावी पोचेतो किती वाया जाते, हे त्याने तेथे जवळून पाहिले. समुद्रापासून दूर राहणाऱ्या मासेखाऊ मंडळींना हे दुःख निराळे सांगावयास नको.

मासळी गोठवून विकण्याची कल्पना नवी होती असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत मेन संस्थानातील एनॉक पायपर याने बर्फ व मीठ यांच्या साहाय्याने सामन मासा गोठविण्याचे पेटंट १८६१ सालीच मिळविले होते. डेन्मार्कच्या ओटेसन याने अतिथंड मिठवणीत मासे बुडवून ते लवकर गोठविण्याची रीत काढली होती, आणि जर्मनीत रुडॉल्फ प्लांक व त्याच्या सहकाऱ्यांनी १९१६ साली जलद व मंद गोठण्याची शास्त्रीय तुलना प्रसिद्ध केली होती. असे असूनही बाजारात गोठविलेल्या मासळीची अब्रू अगदी गेलेली होती. कारण जो माल ताजा विकला जात नसे, तोच बहुधा शेवटी शीतगृहात सावकाश गोठविला जाई. शिळे झालेले गोठविले तर शिळेच बाहेर येणार, याला थंडी काय करील?

१९२२ साली न्यूयॉर्कमध्ये एका शीतयंत्राच्या कंपनीच्या जागेत बर्ड्सआयने प्रयोग सुरू केले. विजेचा एक पंखा, मिठवणीच्या बादल्या आणि बर्फाच्या लाद्या एवढ्या सामग्रीवर त्याने सुरुवात केली असे सांगतात. १९२३ साली शहराच्या फुल्टन मासळीबाजाराजवळ त्याने स्वतःची कंपनी काढली आणि उणे ४३ अंशांपर्यंत थंड केलेल्या हवेच्या झोताने मासळीच्या तुकड्या गोठवून विकावयास आरंभ केला. माल चांगला होता, पण गिऱ्हाईक फिरकेना. गोठविलेली मासळी म्हणजे गरिबाने नाइलाजाने घ्यावयाची वस्तू, हा ग्रह लोकांच्या मनातून जाईना. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, कंपनीचे दिवाळे वाजले. पदरात बायकामुले, वय अडतिशीच्या घरात, हाती पदवी नाही आणि साठविलेला पैसा बुडालेला. येथे बहुतेकांनी एखादी नोकरी धरली असती, आणि त्यांना कोणी नावही ठेवले नसते.

बर्ड्सआय मॅसॅच्युसेट्स संस्थानातील ग्लॉस्टर या बंदरात गेला. हे गाव शतकानुशतके कॉड व हॅडक या माशांवर जगत आलेले. वेटमोर हॉजेस आदी भागीदारांच्या मदतीने त्याने तेथे नवी कंपनी उभारली आणि यंत्र बदलले. हवेऐवजी त्याने धातू वापरला, कारण हवेपेक्षा धातू उष्णता कितीतरी लवकर ओढून घेतो. थंडीच्या दिवसांत लाकडी बाकापेक्षा लोखंडी गज हाताला अधिक गार लागतो, तो याचमुळे. काटे काढून स्वच्छ केलेल्या तुकड्या त्याने पुठ्ठ्याच्या सपाट खोक्यांत भरल्या, आणि ही खोकी धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबून धरली. पट्ट्यांच्या बाहेरून उणे ४० अंशांच्या आसपास थंड केलेली मिठवणी फवारली जाई. ती मिठवणी मासळीला शिवत नसे, त्यामुळे मासा खारटही होत नसे. पुढे त्याने पोकळ धातूच्या तबकांचे, एकावर एक रचलेले यंत्र केले. त्यात सुमारे दोन इंच जाडीचे खोके दीड तासाच्या आसपास पूर्ण गोठे. या पद्धतीचे त्याचे प्रमुख पेटंट १९३० साली मंजूर झाले.

आमच्या मते त्याची खरी बुद्धिमत्ता या यंत्राइतकीच त्या खोक्यात दिसते. खोके सपाट आणि एकाच मापाचे असल्यामुळे थंडी दोन्ही बाजूंनी सारख्या वेळात मध्यापर्यंत पोचे. आत हवेला फारशी जागा नसल्यामुळे माशाचा स्निग्धांश खवट होण्यास अवसर कमी मिळे. ओल बाहेर न जाऊ देणाऱ्या सेलोफेनचे वेष्टण मासळीला सुकू देत नसे. आणि घरच्या गृहिणीला खवले, डोके, आतडी यांची दगदग न होता नेमक्या वजनाची तुकडी मिळे. शिवाय धक्क्यावर उतरलेला मासा ताबडतोब घ्यावयाचा, उरलासुरला घ्यावयाचा नाही, हा त्याचा कटाक्ष होता. थंडी माशाला आहे त्या स्थितीत धरून ठेवते, गेलेला ताजेपणा परत आणीत नाही, हे त्याने लॅब्राडोरच्या बर्फावरच ओळखले होते.

यंत्र सिद्ध झाले तरी पैशाची चणचण संपली नाही. अखेर १९२९ साली, शेअरबाजार कोसळण्यापूर्वी काही महिने, पोस्टम कंपनी आणि गोल्डमन सॅक्स ही पेढी यांनी त्याचा धंदा व पेटंटे मिळून २ कोटी २० लक्ष डॉलर्सना विकत घेतली. त्यांपैकी २ कोटी निव्वळ पेटंटांचे होते. पोस्टमचे नाव पुढे जनरल फूड्स झाले आणि बर्ड्सआय हे आडनाव दोन शब्दांत तोडून मालाच्या खोक्यावर छापले गेले. त्याचा अर्थ पक्ष्याचा डोळा असा होतो. ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड शहरातील १८ दुकानांत हा माल प्रथम विक्रीस आला. मासळीबरोबर त्यात मटार, पालक, फळे व मांसही होते. लोकांना माल आवडला; पण दुकानदारांजवळ शीतपेट्या नव्हत्या आणि घरोघर तर बर्फाची साधी पेटी, तीही असल्यास. शीतपेट्या भाड्याने द्याव्या लागल्या, थंड ठेवता येणारे रेल्वेचे डबे तयार करावे लागले. दुसऱ्या महायुद्धात डबाबंद अन्नासाठी लागणारा पत्रा लष्कराकडे वळला, तेव्हा कोठे गोठविलेले अन्न अमेरिकेच्या घराघरांत शिरले.

आता एक प्रश्न उरतो. उत्तम मासा, झपाट्याने गोठविलेला, नीट वेष्टणात बांधलेला. तो शीतगृहात ठेवल्यावर काळ तेथे थांबतो काय? बर्ड्सआय स्वतः रसायनज्ञ नव्हता. ग्लॉस्टरच्या प्रयोगशाळेत डोनाल्ड ट्रेसलर यांच्यासारखे रसायनज्ञ काम करीत, आणि १९२९ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे टॉरी संशोधन केंद्र केवळ मासळी टिकविण्याच्या अभ्यासासाठी स्थापन झाले. या व अशा संस्थांतून पुढील दशकांत जे कळून आले, ते असे की, काळ थांबत नाही. त्याची पावले मंदावतात एवढेच. सूक्ष्मजंतूंची वाढ उणे १० अंशांच्या सुमारास जवळजवळ बंद पडते. परंतु विकरे आणि हवेतील प्राणवायू या दोघांना उणे १८ अंशांतही सुट्टी नसते.

समुद्रातील माशांच्या मांसात ट्रायमेथिल अमाइन ऑक्साइड नावाचे एक निरुपद्रवी द्रव्य असते. मासा नुसता बर्फात घालून ठेवला, तर सूक्ष्मजंतू त्याचे ट्रायमेथिल अमाइन करतात. बाजारात शिळ्या मासळीला जो ओळखीचा वास येतो त्यात याचा वाटा मोठा. गोठविलेल्या माशात सूक्ष्मजंतू निष्क्रिय असल्यामुळे हा वास येत नाही. पण कॉडच्या कुळातील माशांत एक विकर असे असते की, ते गोठलेल्या स्थितीतही याच द्रव्याचे डायमेथिल अमाइन व फॉर्मल्डिहाइड असे दोन तुकडे करते. शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीतील बेडूक ज्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले असतात, त्यातील मुख्य द्रव्य ते हेच. त्याचे प्रमाण येथे अगदी अल्प असते, पण ते प्रथिनांचे धागे एकमेकांस बांधून टाकते, आणि मग मासा वासाला निर्दोष असूनही दाताखाली कापसासारखा कोरडा व चिवट लागतो. उणे ५ ते उणे १० अंशांच्या दरम्यान ही क्रिया जोरात चालते आणि उणे ३० अंशांना ती नाममात्र उरते.

आपल्या किनाऱ्यावरील बांगडा आणि तारली यांची कथा निराळी. ते तेलकट मासे. त्यांचा स्निग्धांश प्राणवायूशी फार लवकर संयोग पावतो. म्हणून शीतगृहात त्यांना आधी भय असते ते खवटपणाचे. माशावर पाण्याचे पातळ कवच गोठवून तो हवेपासून झाकून ठेवतात, ते याकरिताच. बेळगावच्या बाजारात गोव्याहून येणारी मासळी बर्फात घातलेली असते, गोठविलेली नसते. या दोहोंतील भेद पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. बर्फातील मासा काही दिवसांचा सोबती, गोठविलेला काही महिन्यांचा.

चवीचाही असाच हिशेब मांडता येतो. स्नायूंना शक्ती पुरविणारे जे द्रव्य, ज्याला संक्षेपाने एटीपी म्हणतात, ते मासा मेल्यावर पायरीपायरीने मोडत जाते. मधल्या एका पायरीवर इनोसिनिक आम्ल तयार होते, आणि ताज्या मासळीच्या गोडीत त्याचा मोठा भाग असतो. शेवटच्या पायऱ्यांवर हायपोझँथिन हे किंचित कडवट द्रव्य येते. १९५९ साली जपानी संशोधक सायतो व त्यांचे सहकारी यांनी या पायऱ्यांचे प्रमाण मोजून माशाचा ताजेपणा आकड्यात सांगण्याची रीत बसविली. बर्ड्सआयने जी गोष्ट लॅब्राडोरमध्ये जिभेने ओळखली होती, ती अशा रीतीने परीक्षानळीत उतरली. आज गोठविलेल्या मासळीसाठी आंतरराष्ट्रीय मानकाने तुकड्याच्या मध्यभागी उणे १८ अंश किंवा त्याहून अधिक थंडी आवश्यक मानली आहे, आणि लांब मुदतीसाठी उणे ३० अंशांची शिफारस संशोधकांनी केलेली आहे.

धंदा विकल्यावर बर्ड्सआय संपन्न झाला, पण स्वस्थ बसला नाही. त्याने दिव्यांच्या नव्या जाती केल्या, देवमाशाच्या शिकारीसाठी धक्का न देणारी भाल्याची बंदूक केली, भाज्या लवकर सुकविण्याची रीत काढली. १९५१ साली त्याने व एलिनॉर हिने मिळून रानफुलांच्या लागवडीवर एक पुस्तक लिहिले. त्यानंतर उसाच्या चिपाडांपासून कागदाचा लगदा करण्याच्या कामासाठी तो पतिपत्नी दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात जाऊन राहिली. तेव्हा त्याचे वय पासष्ट उलटून गेले होते. तेथून परत आल्यावर ७ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्क येथे हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला. त्याची रक्षा ग्लॉस्टरजवळच्या समुद्रात विसर्जित करण्यात आली.